टायर घासतो, आबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाय. बायकोला बी नाय — आणि तिच्यापासून माझं काय लपतं? पण हे लपलं. तुम्ही आज निवांत बसलात म्हणून तोंड उघडतोय. कसं उघडायचं, तेच कळत नाय.

जालना रोडला माझं चाकांचं दुकान आहे. कंपनीची चाकं काढायची, मोठी मॅगव्हील अन् रुंद टायर चढवायचे — हाच धंदा. हौशी पोरं येतात. मी प्रत्येकाला एकच बजावतो : चाक मोठं झालं की मडगार्डमधली जागा कमी होते, गाडीत वजन पडलं की टायर घासतो. खरी गोष्ट आहे. खोटं बोलायला असली खरीच गोष्ट हाताशी लागते, नाय का?

माझी स्वतःची एक स्पोर्ट्स कार आहे. लाल, दोनच सीटची. ठोकलेली घेतली अन् जिवाचा आटापिटा करून उभी केली. शेवटी तिला अठरा इंची चाकं चढवली. आणि तपासली पण — दोन दणकट मित्र आत बसवले, डिकीत वाळूच्या गोण्या टाकल्या, त्यांनाच स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवायला लावलं, गतिरोधकावरून न्यायला लावली. नाय घासला. वर बोटभर जागा राहिली. हे तेवढं ध्यानात ठेवा.

आबा, म्हणजे माझे वडील, सोयगावकडचे. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. बाजारात बोकड दोन्ही हातांनी उचलून वजन सांगायचे. काट्यावर बी तेवढंच भरायचं. गाडी तयार झाल्याचं कळलं तसे पहिल्या एसटीनं आले. खांद्यावर घोंगडी, पिशवीत नारळ. चारी चाकांना भंडारा लावला, नारळ फोडला. टायरवरून हात फिरवत म्हणाले, "लई झ्याक हायत रं. चल, एक चक्कर मारून आण मला."

आता इथंच माझं गाडं अडतं. नेमकी त्याच दिवशी आमची गाडीवाली मंडळी दौलताबादला निघाली होती. सगळी दुकानासमोर उभी — गॉगलवाली, चकाचक. आणि आबांच्या घोंगडीला मेंढरांचा वास येत होता. त्याच घोंगडीत मी लहानाचा मोठा झालो, बरं का.

मी म्हणालो, "आबा, बसता नाय यायचं. चाकं मोठी बसवलीत ना. वजन पडलं की टायर घासतो."

जिभेला हाड नसतं म्हणतात. आबा "आस्सं व्हय!" म्हणाले अन् चार पावलं मागं सरले, नुसतं जवळ उभं राहिल्यानं बी भार पडेल असे. एवढासा देह त्यांचा.

वाटलं, विसरतील. कसले विसरतात! गावभर सांगत सुटले — पोराची गाडी लई नाजूक हाय, माझ्यासारखा गडी तिला झेपत नाय. पुढच्या खेपेला आले तर म्हणतात, "रातची भाकर सोडली बघ. आता?" मी हसण्यावारी नेलं. एकदा तर त्यांच्या दुप्पट जाडीचा माझा मित्र त्यांच्या डोळ्यांदेखत गाडीतून उतरला. आबा बघत राहिले, मग म्हणाले, "शहरातली माणसं दिसत्यात मोठी, पण हलकी असत्यात."

त्यांना कळलं होतं का हो? ज्याला बोकडाचं वजन हातानं कळतं, त्याला स्वतःचं कळत नसेल? का मलाच सांभाळून घेत होते? विचारायची छाती झाली नाय.

मग आबांचं पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यातून घरी आणायला मी मुद्दाम तीच गाडी नेली. गाडी बघून थबकले. स्वतःचंच मनगट चाचपलं अन् म्हणाले, "आता काय बी राह्यलं नाय अंगात. आता तर नाय घासायचा?"

उचलून आत बसवलं. हाताला वजन कळलं — त्यांचाच पोरगा ना मी.

घरी जायच्या आधी हर्सूल तलावाकडून फिरवून आणलं. आबांनी दाराची मूठ धरली होती. मला आधी उमगलंच नाय. गतिरोधक आला की ते हातावर जोर देऊन सीटवरनं अंग उचलायचे. श्वास रोखायचे. कान चाकाकडं. गाडी पार झाली की हळूच टेकायचे. अहो, तसल्या दुखण्यात! "टेका आबा, नीट बसा," एवढंच मी म्हणत राहिलो. तेव्हा गॉगलवाले नव्हते, कुणीच नव्हतं. दोघंच होतो. तरी खरं नाय सांगितलं. वाटलं, आता सांगून त्यांचा जीव कशाला — पण जाऊ द्या, ती सबब झाली.

घरासमोर उतरवलं तर तोंडभर हसले. "बघ, घासू दिला नाय."

"नाय घासला, आबा," मी म्हणालो.

त्याच थंडीत गेले. गाडी आहे, चाकं बी तीच आहेत. ते बसले होते त्या बाजूच्या टायरवर अजून बोटभर जागा आहे. तो कधीच घासत नव्हता. मला माझ्या बापाची लाज वाटली होती.