पंतांचा देश आणि काळूचा वस्तरा

कल्याणचा काळुराम न्हावी म्हणजे निगरगट्ट गडी. गळवं फोडायची, खरजेच्या डोक्यांवरून हात फिरवायचा आणि घरी येऊन बोंबलाच्या कालवणावर ताव मारायचा.

एका संध्याकाळी हरिहरपंतांचं देवळात व्याख्यान झालं. काळुरामानं बाहेर चपलांपाशी उभं राहून सगळं ऐकलं. पृथ्वीच्या पाठीवर आपल्यासारखा देश नाही, बाईला देवी मानणारे आपण एकटेच, बाकी सगळे रानटी, असं पंत म्हणाले. काळुरामाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी बायकोला, आवडाबाईला, त्यानं ते दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, असेल बाबा.

सकाळी पंतांचंच बोलावणं आलं. त्यांची लेक भागीरथी लहानपणीच विधवा झालेली. आता तिला न्हाण आलं, तेव्हा केस उतरवायचे. मागच्या पडवीत पोर पाटावर बसवून ठेवली होती. काळुरामानं धोकटी उघडलीच नाही. मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून हे काम सोडलंय, मीही सोडलं, असं सांगून टाकलं.

पंत चिडले नाहीत. समजूत घालू लागले, की साहेबाच्या नादी लागू नकोस, एवढं पावित्र्य दुसऱ्या कुठल्या देशात आहे, सांग बघू?

"कुठंच नसंल, पंत," काळुराम म्हणाला. "एवढे नीच आपण एकटेच असणार."

पंत तोंड फिरवून आत गेले. थुत् त्यांच्या व्याख्यानावर! जनाची नाही तर मनाची म्हणतात, ती या घरात औषधालाही नव्हती. पण कालची फुशारकी आपणही मिटक्या मारत गिळली, याचीच काळुरामाला जास्त शिसारी आली. धोकटी काखेला मारून तो निघाला.

तेवढ्यात भागीरथी हळूच म्हणाली, "काळूमामा, काढ ना केस. कालपासून कुणी जेवायला वाढलं नाही. केस उतरले की वाढणारेत."

काळुराम थांबला. त्याच्या घरची भाकरी या घरात चालली नसती. चालायचा तो त्याचा वस्तरा. तो खाली बसला. केस पाटाभोवती पडत गेले.

पोरीनं हूं की चूं केलं नाही, म्हणून पंत दारातून कौतुक करून गेले. आंघोळ झाल्यावर आजीनं लांबूनच पत्रावळ सरकवली. भागीरथीनं डोक्याला हातसुद्धा लावून पाहिला नाही. खाली मान घालून भराभर जेवली, आणि आणखी भात मागितला.