हज्जा एतिदालची हरवलेली नावं

नाईलकाठच्या दुमयातमध्ये लग्नं जुळवणाऱ्या बायका दोन. एक हज्जा एतिदाल आणि दुसरी तफीदा. तिसरी कुणी असली, तर ती एतिदालच्या कानावर आलेली नाही, म्हणजे नाहीच.

बावीस वर्षांत एतिदालने निम्म्या गावाची सूतं जुळवली, पण विश्वास म्हणून कुणावर टाकला नाही. कसाई कलेजी तोलायला लागला की ही तराजूकडे बघायची नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघायची. फोन तर ती गळ्यात पिशवी अडकवून त्यात ठेवायची. दोनशेच्या वर घरं होती त्यात. मुलाने भारीतला फोन घेऊन दिला, तरी नावं ती जुन्या सवयीने सिमवरच साठवायची. फोन आज आहे उद्या नाही, सिम कुठेही घालता येतं, असं तिचं म्हणणं.

त्या आठवड्यात तिचा सगळा जीव नशवात अडकला होता. नशवा बालवाडीत शिकवायची. वय एकतीस, एक साखरपुडा मोडलेला, त्यामुळे येईल ते स्थळ आधी नाक मुरडायचं. एतिदालने कुवेतहून रजेवर आलेला सफवत हेरला, त्याला आणि त्याच्या आईला मिठाईच्या दुकानात "सहज" उभं केलं, आणि नशवाला "सहज" रव्याचा बसबूसा घ्यायला पाठवलं. दोघंही लाजले. आता मुलाच्या आईचा होकाराचा फोन यायचा, मग गुरुवारी मुलीच्या घरी फातिहा वाचून लग्न पक्कं करायचं, आणि शुक्रवारी सफवतचं विमान. होकार येईपर्यंत दोन्ही घरांना एकमेकांचा पत्ता कळू द्यायचा नाही, हा या धंद्याचा नियम. आणि मुलीच्या बाजूने आधी फोन करायचा नाही, कारण ते भीक मागितल्यासारखं दिसतं.

नेमकं शनिवारी तिचं सिम दगा द्यायला लागलं. आवाज तुटायचा. पुलाजवळच्या मोबाइलवाल्या वगदीने नंबर तोच ठेवून नवं सिम घातलं. एतिदाल पूर्ण वेळ त्याच्या बोटांवर नजर रोखून होती. घरी येऊन बघते तर यादी कोरी! एक नाव नाही.

ती तशीच उलट्या पावली दुकानात गेली. दुकानाला कुलूप. शेजारच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, "वगदी मन्सुराला गेला, मावसभावाच्या लग्नाला. बुधवारी येईल."

एतिदालच्या मनात पाल चुकचुकली. मावसभावाला आजच लग्न सुचलं? नक्कीच इथे पाणी मुरत होतं. आणि ते पाणी तफीदाच्या दारापर्यंत जात होतं, याबद्दल तिला शंकाच उरली नाही. तीन वर्षांपूर्वी तफीदाने एका बाईला मुलाची आई बनवून फोन करायला लावला होता, गोड बोलून मुलीचा पत्ता काढला होता आणि स्थळ पळवलं होतं. आता तर बयेने अख्खी यादीच विकत घेतली!

पुढचे दिवस म्हणजे शिक्षा होती. फोन वाजायचा, वर नुसते आकडे. आपल्याकडे फोन करणारी बाई स्वतःचं नाव सांगत नाही, आणि उचलणारीने "कोण बोलतंय?" विचारलं तर मेलीच ती. विचारणं म्हणजे तोंडावर सांगणं, की बाई, मी तुला विसरले. म्हणून एतिदाल अंधारात चाचपडत बोलायची.

रविवारी दुपारी ती कोबीच्या पानांत भात भरत होती, तेव्हा असाच एक फोन आला. आवाज घोगरा.

"सलाम, हज्जा! कशी आहेस? तब्येत?"

"अल्लाचे आभार. तू कशी? घरचे कसे?"

"अल्लाचे आभार."

"आणि तो गुडघा?" एतिदालने गळ टाकला.

"अल्लाचे आभार."

"नातवंडं?"

"अल्लाचे आभार, हज्जा."

सगळ्यालाच आभार! यातून माणूस काय कपाळ ओळखणार?

"हज्जा, आम्हाला मुलगी पसंत आहे बरं का. मिठाईच्या दुकानातली. गुरुवारी अस्रच्या नमाजानंतर येतो. तेवढा घरचा पत्ता सांग."

पत्ता! एतिदालचे कान टवकारले. सफवतच्या आईचा आवाज कसा बासरीसारखा, आणि हा फुटक्या घागरीचा.

"आवाज का गं असा?"

"थंडी बाधलीये. घसा पार गेलाय बघ."

बरोबर, तफीदाची माणसं घसा बसवूनच येणार. एतिदालने हातातलं पान खाली ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाली, "अगं, उशीर केलास की! मुलगी दिली आम्ही. कालच ठरलं."

पलीकडे कोरडा खोकला. मग, "नशीब आमचं. मुबारक असो," आणि फोन बंद.

'कशी जिरवली!' असं म्हणत एतिदालने उरलेला कोबी मोठ्या खुशीत भरला आणि खऱ्या फोनची वाट बघत बसली. सोमवार गेला. मंगळवार गेला. नशवाने दोनदा दारात येऊन विचारलं, तिने दोनदा इन्शाल्ला म्हटलं.

बुधवारी वगदीने दुकान उघडलं तेव्हा ती आधीच पायरीवर बसलेली होती.

"कितीला विकलीस माझी नावं?"

"काय विकलं, हज्जा? नावं जुन्या सिमवर असतील. ते मी या डब्यात टाकलं होतं." त्याने हलव्याचा डबा पुढे ठेवला. आत शंभरेक मेलेली सिमं. त्याने एकेक घालून बघितलं. अकरावं तिचं निघालं. नावं भराभर वर यायला लागली, तशी एतिदालने आपली ओढणी फोनवर टाकली.

"तोंड फिरव! लोकांच्या लेकीबाळी आहेत यात."

"मग उतरवून कसं घेऊ? मी काय चमत्कार करणारा बाबा आहे?"

शेवटी वगदी भिंतीकडे तोंड करून सांगत राहिला आणि ती ओढणीखाली डोकं घालून दाबत राहिली. सगळी नावं फोनमध्ये उतरली, तसं जुनं सिम तिने तिथल्या तिथे मोडून टाकलं. दोनशे चौदा. एकही इकडचं तिकडे नाही. एतिदालला थोडी निराशाच वाटली.

मग तिने आलेल्या फोनांची यादी उघडली. आकड्यांच्या जागी आता माणसं बसली होती. रविवार, दुपार: सफवतची आई.

 नियमबियम विसरून तिने तिथेच फोन लावला.

"हज्जा?" तोच घोगरा आवाज. "थंडी काही जात नाही बघ. अगं, बरं झालं फोन केलास. काल सफवतचा फातिहा वाचला. तू नाही म्हटल्यावर तफीदाकडे गेलो, तिने दुसऱ्या दिवशीच मुलगी दाखवली. तुझ्या मुलीचंही भलं होवो."

धंद्याची रीत अशी, की स्थळ फिसकटलं तर दोष मुलाकडच्यांवर ढकलायचा: आई खाष्ट निघाली, मुलाला दम्याचा त्रास. एतिदालने वाटेत चार कारणं तयारही केली. पण बालवाडीच्या फाटकाशी नशवा हसत समोर आली, आणि एतिदालच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं.

नशवा रडली नाही. "खाला, कोण बोलतंय, एवढं विचारायचं होतंस."

"तसं बरं दिसत नाही गं."

"हो. बरं दिसत नाही." नशवाने हात पुढे केला. "फोन दे."

बावीस वर्षांत एतिदालने फोन कुणाच्या हातात दिला नव्हता. आज मुकाट्याने गळ्यातून काढून दिला. नशवाने यादीतून आपल्या घरचं नाव शोधलं, पुसून टाकलं आणि फोन परत केला.

"आता माझ्यासाठी कुणाला विचारू नकोस, खाला," असं म्हणून ती आत गेली.

एतिदाल फाटकाशीच रडत राहिली. मग तिला वाटलं, निदान संध्याकाळी तरी फोन करून माफी मागावी. पण तो नंबर तिला पाठ नव्हता.