दुसरा टप्पा आखाजीला

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्यात मला दोनच प्रश्न विचारले जात. घरचे विचारत, लग्न कधी करणार? आणि क्लासमधली मुलंमुली विचारत, मॅडम, दुसरा टप्पा कधी? दोन्हींना माझं उत्तर एकच होतं, लवकरच. लग्नाच्या बाबतीत मी सरळसरळ टाळाटाळ करत होते. टप्प्याच्या बाबतीत मात्र मनापासून झटत होते, पण बैल ऐकत नव्हते.

हे बैल कॉम्प्युटरमधले. पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीन, एक फळा आणि शिकवायला मी. आत येताना चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं मालकांचं ठाम मत होतं. गिरणी सुरू झाली की खालून ज्वारीचं पीठ वर येई आणि कीबोर्डवर बसे. पिठाला चपला नसल्यामुळे त्याला कोणी अडवत नसे.

बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना पोरं जांभया द्यायची म्हणून मी एक गेम लिहिला. नाव ठेवलं 'लळिंगचा घाट'. कापसानं भरलेली बैलगाडी घाटातून खाली धुळ्याकडे आणायची. समोरून ट्रक येत, मधूनच शेळ्या आडव्या जात. बैल म्हणजे इंग्रजीतले दोन वाय, शिंगं दिसावीत म्हणून. चाकं म्हणजे दोन शून्यं. तीन धडका बसल्या की गाडी पलटी आणि पडद्यावर सगळीकडे कापूस. आणि गाडी सुखरूप पांझरेच्या पुलापर्यंत आली, की इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटे: पुढचा रस्ता लवकरच.

त्या एका ओळीनं माझं वाटोळं केलं.

पहिल्या आठवड्यात एकच मुलगी पुलापर्यंत पोचली होती. कुसुंब्याच्या अलीकडच्या गावातून एसटीनं यायची, कांदा-कापूस करणाऱ्या घरातली, आई नसलेली, बापाची एकुलती एक. बोटं अशी चालायची की माझेच ट्रक तिला घाबरून बाजूला होतात की काय असं वाटे. तिनं विचारलं, "मॅडम, लवकरच म्हणजे कधी?" मी म्हटलं, सोमवारी. सोमवारी ती जिन्यातच उभी होती. मी म्हटलं, अगं, मी कोणत्या सोमवारी ते कुठे म्हटलं होतं?

हे उत्तर देताना मला फार हुशार वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कोणीतरी खडूनं लिहिलं, 'सोमवार या वाराला आमची श्रद्धांजली'.

मग मी फळ्याचा उजवा कोपरा चौकट आखून राखून ठेवला आणि तिथे रीतसर सूचना लिहू लागले. 'दुसरा टप्पा दिवाळीच्या आसपास.' खाली खडू: 'अलीकडून की पलीकडून?' मी लिहिलं, 'लोडशेडिंगमुळे विलंब.' खाली: 'काल दिवसभर लाइट होती.' मी लिहिलं, 'फ्लॉपीला बुरशी लागली आहे.' खाली: 'ऊन दाखवा.' आता गेम बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या उशीर झाला की खेळणाऱ्यांची जाहीर माफी मागतात. मीही मागितली असती, पण माझा स्वभाव वाईट. मी चौकट पुसली आणि तिथे उद्याचा धडा लिहिला.

खरं कारण सांगायची लाज वाटत होती. दुसऱ्या टप्प्यात गाडी धुळ्याहून साक्रीमार्गे पिंपळनेरला जाणार होती. घाटात रस्ता नाकासमोर सरळ होता. साक्रीला मात्र वळायचं होतं. आणि वळणावर आले की माझे बैल पिंपळनेरच्या रस्त्याला लागत आणि गाडी बैलांशिवाय सरळ सुरतेला जाई. मी महिनाभर तो कोड चाळला. कधी चाकं वळत आणि कापूस मागे राही. एकदा तर सगळं नीट वळलं, फक्त बैल उलटे, गाडीकडे तोंड करून चालत होते. मला रडू यायचं. मग हसूही यायचं, पण आधी रडू.

अशात त्या मुलीचं लग्न ठरलं. कुठे, तर पिंपळनेरला. क्लासच्या शेवटच्या दिवशी ती पेढे घेऊन आली. "मॅडम, आता तरी सांगा." माझा जीव गलबलला आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघू नये तेच निघालं. म्हटलं, "आखाजीला ये. नक्की तयार असेल."

खान्देशाबाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे आखाजी म्हणजे नुसती अक्षय्य तृतीया नव्हे. सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस चापतात. त्यांना आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. लग्नानंतरची पहिली आखाजी म्हणजे तर बापाचा जीव दारात टांगलेला असतो. अशा दिवसाला मी माझे उलटे बैल बांधून ठेवले होते.

फाल्गुनात एका सोमवारी जिन्यात धोतर, टोपी आणि हातात पोस्टकार्ड असे एक गृहस्थ उभे राहिले. मुलीचे वडील. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी चपला काढल्या, पाय पुसले, टोपीसुद्धा काढून झटकली आणि विचारलं, "मॅडम, तो दुसरा टप्पा कव्हय व्हई?"

मी म्हटलं, लवकरच.

"पोरनी लिखेल शे," ते पोस्टकार्ड पुढे करत म्हणाले, "टप्पा तयार व्हई तवयच मी आखाजीले येसू."

मी कार्ड वाचलं. खरंच तसं लिहिलं होतं. कुणालाही कळलं असतं की पोरीनं गंमत केली आहे. नानांना कळलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी सरळ होतं: टप्पा झाला तर लेक येणार, नाही झाला तर पहिल्या आखाजीला घर रिकामं. मी समजावलं, नाना, ती थट्टा आहे. ते म्हणाले, लिहिलेलं आहे. बोललेलं असतं तर थट्टा.

तेव्हापासून ते दर सोमवारी येऊ लागले. मळ्यातली मोटर दुरुस्तीला टाकावी आणि रोज मेकॅनिककडे जाऊन बसावं, तसे माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसत. पडदा बघत. गाडी सुरतेला गेली की चुकचुकत. एकदा फार गंभीरपणे म्हणाले, "बैलेसले पानी पाजं का?" मी चिडून म्हटलं, नाना, हे बैल खरे नाहीत. त्यावर ते म्हणाले, "म्हनीसनच ऐकतस नही." मी दोन दिवस त्यांच्यावर रागावले होते. तिसऱ्या दिवशी मनात आलं, खरंच, पाण्यासाठी एखादी ओळ घालून बघावी का? घातली. काही फरक पडला नाही, फक्त बैल साक्रीच्या अलीकडे नेर गावाजवळ थांबून राहू लागले.

आखाजीला आठ दिवस राहिले. नाना आले, स्टुलावर न बसता उभेच राहिले.

"मॅडम, व्हई का?"

पहिल्यांदाच मी खरं बोलले. "नाही, नाना. होणार नाही."

त्यांचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा मला अजून आठवतो आणि अजून वाईट वाटतं. मग ते म्हणाले, "मी तठे काय तोंड लिसन जाऊ? तुमनं काम, तुम्हीच सांगा तिले. मुराळी म्हनीसन तुम्हीच जा."

मी म्हटलं, बाई कधी मुराळी असते का? ते म्हणाले, टप्पा तरी कधी उशिरा असतो का? ह्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन मी पिंपळनेरच्या एसटीत बसले. उशीर झाल्याची बातमी द्यायला दोन तास प्रवास करून खेळणाऱ्याच्या घरी गेलेली गेम लिहिणारी माझ्या माहितीत मी एकटीच.

साक्रीला गाडी वळली तेव्हा मी खिडकीतून वाकून नीट पाहिलं. एसटी अख्खी वळली. ड्रायव्हरचा हेवा वाटला.

दारात पाऊल ठेवलं तोच मुलीची सासू ओरडली, "मुराळी उना!" मग माझ्याकडे नीट बघून तिनं 'आला'चं 'आली' केलं, "उनी." पाय धुवायला पाणी आलं, खापरावरचे मांडे आले, रस आला. अंगणात कांद्याचे ढीग पडले होते, घरात माणूस कमी होतं, आणि सुनेला पाठवायचं की नाही यावर दोन दिवस खल चालला होता, हे मला तिसऱ्या मांड्याला कळलं. पण दारात आलेल्या मुराळीला रिकामं परत लावायचं नाही, ही रीत सासूही मोडणार नव्हती. सुनेनं घरात सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण सासरे म्हणाले, "तुमनं बठ्ठं ठाऊक शे आम्हले. बैल सुधारनात का?"

मी मांडा गिळला आणि सुनेकडे बघत म्हटलं, नाही. टप्पा झालेला नाही. माझी चूक आहे, मी तारीख द्यायला नको होती.

पोरगी पदर तोंडात कोंबून हसत होती.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "मॅडम, मी गंमत केली होती. टप्पा नसता तरी आले असते."

मला संताप आला. "मग नानांना तसं लिहायचं होतंस ना! दर सोमवारी माझ्या उरावर बसत होते."

"तसं लिहिलं असतं तर आले असते का ते तुमच्याकडे? मी गेल्यावर ते घराबाहेरच पडत नव्हते. शेजारच्या काकूनं कळवलं होतं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. नंतर मी तिला वळणाची सगळी रडकथा सांगितली, पाण्याच्या ओळीसकट.

ती म्हणाली, "तुम्ही गाडी तिकडे का नेताय पण? पिंपळनेरला मी एकदा गेले ना. इकडे आणा. घराकडे तोंड केलं की बैलांना हाकावं लागत नाही, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी रस्ता उलटा केला. पिंपळनेरहून निघायचं, साक्रीला वळायचं, धुळ्याकडे यायचं. वळण तेच, बैल तेच, वाय तेच. गाडी वळली. सगळीच्या सगळी, चाकं, कापूस, शिंगं. का वळली ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही. मी ती फ्लॉपी काढून कपाळाला लावली आणि पीठ लागलं.

ती सासरी परत जायच्या आदल्या दिवशी दोघं क्लासला आली. ती खेळायला बसली, नाना त्यांच्या स्टुलावर. साक्री गेलं, नेर गेलं. बैल पाण्याला थांबले तेव्हा नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ती ओळ पुढे कधीच काढली नाही. कुसुंबा मागे पडलं आणि त्यांच्या गावाच्या फाट्यावर गाडी थांबली. तो फाटा मी मुद्दाम घातला होता. "उनी," नाना पुटपुटले, "घर उनी." गेमबद्दल बोलत होते की लेकीबद्दल, मी विचारलं नाही.

मग सवयीनं तीच ओळ उमटली. लेकीनं वाचून दाखवली. पुढचा रस्ता लवकरच.

नाना ताडकन उठले. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्यांनी फळ्याजवळचा खडू उचलून माझ्या हातात दिला.

"लवकरच नही," ते म्हणाले. "लिखा, तिसरा टप्पा पुढली आखाजीले. आन् येळवर तयार करू नका, मॅडम. तुम्हलेच पोरले लेवाले पिंपळनेरले जानं शे."

मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली आणि तारीख लिहिली.