मधला तिसरा हिस्सा

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधी दोन-तीन वर्षं मी धारवाडला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. घरी मराठी, कचेरीत इंग्रजी, कामावर कानडी, असा दिवस जायचा. अळणावरकडच्या एका गावाला ओढ्यावर पूल हवा होता. तिथले गौडा, म्हणजे पाटील, वर्षभर आमच्या कचेरीत खेपा घालत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्या रानातलं सागवान सरकार विकतं, त्या लाकडाच्या गाड्या आमचाच रस्ता मोडतात आणि पैसा मात्र मुंबईला जातो. त्यातलं थोडं इकडे परत यायला नको का?

शेवटी मुंबईला ते पटलं. खर्चाचा एक हिस्सा सरकार देणार, एक जिल्ह्याचं बोर्ड आणि एक तालुक्याचं. फक्त हुकमात एक ओळ होती, सरकारी पैशाचं काम वेगळं दाखवता आलं पाहिजे. आमच्या साहेबांनी नकाशावर पुलाचे तीन सारखे भाग पाडले आणि मधला सरकारचा ठरवला.

सरकारचा पैसा आधी आला. मार्चअखेर खर्च झाला नाही तर तो परत जाणार होता. म्हणून मी ओढ्याच्या मधोमध दोन दगडी खांब उभे केले, वर कमान बांधली, कठडेही घातले. दोन्ही बोर्डं मात्र ‘आधी तुम्ही सुरू करा’ असं एकमेकांना लिहीत राहिली. काम तपासायला मोठे साहेब आले, ते शिडीने पुलावर चढले. गावातल्या बायकांनी तिथे मिरच्या वाळत घातल्या होत्या. साहेब त्या ओलांडत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, काम चोख आहे म्हणाले आणि शिडीनेच उतरले. मला गौडांकडे बघवेना.

पावसाळ्याच्या तोंडावर गौडांनी सगळं गाव कामाला लावलं. दोन्ही काठांपासून पुलापर्यंत लोकांनी दगडमातीचा भराव घातला. उतार कसा ठेवायचा ते दाखवायला मी रजा काढून तिथे राहिलो. पहिली बैलगाडी पलीकडे गेली तेव्हा मलाही भरून आलं.

पुढे मुंबईहून पत्र आलं. हे गाव स्वतःच्या बळावर बांधकाम करू शकतं असं दिसल्याने पुढच्या वाटपात त्याची गरज कमी धरली जाईल. मी ते गौडांना कानडीत वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“म्हणजे साहेब, आम्ही हात बांधून बसलो असतो तर मिळालं असतं?”

“मिळालं असतं, गौड्रे. कधी, ते विचारू नका.”

त्यांनी माझ्या हातातलं पत्र घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, “तर मग लिहा, भराव पुराने आणून टाकला.”

नोकरीत मी जाणूनबुजून खोटं लिहिलं ते तेवढंच. सहा महिन्यांत उत्तर आलं. पुराने आलेला गाळ उपसण्यासाठी सरकारने रक्कम मंजूर केली होती. आम्ही त्यातून भरावावर फरसबंदी केली. पाहणीला कुणी आलं नाही.