मनकर्णाबाईंनी लाईन भिजत घातली

मी ग्रेस. माहेर भिंगारचं, नोकरी पारनेरच्या शाळेत, विषय इंग्रजी, आणि राग नाकावर. हे आधीच सांगून टाकते, कारण मनकर्णाबाईंनी माझा राग जेवढा सोसला तेवढा माझ्या नवऱ्यानंही सोसला नसेल.

बाई एकोणपन्नास वर्षांच्या. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. शेवटी लेकीचं लग्न उरकलं आणि दुसऱ्याच महिन्यात बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मोकळ्या झाल्या. दहावी करायचीच! बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्या विकायच्या आणि दुपारी माझ्यासमोर बाकावर येऊन बसायचं. गणित पटापट करायच्या. इंग्रजी वाचायच्यासुद्धा. पण "बोला" म्हटलं की दातखीळ.

"बाई," एकदा त्या म्हणाल्या, "तोंडी परीक्षेला माझं तोंड उघडलं न्हाई ना, तर लेखीला मी जायचीच न्हाई. लोकांला फुकट हसू कशाला द्यायचं?" आणि ही बाई बोलेल तसं करणारी होती.

मी गावावर दहा सोपी वाक्यं लिहून दिली. महिना झाला तरी गाडी दुसऱ्या वाक्यापुढे हलेना. शेवटी खडू आपटला मी. "अहो, दिवसभर इंग्रजीच तर बोलता! मघाशी काय म्हणालात? लाईन नव्हती म्हणून पिकाचं भरणं राहिलं. लाईन कुणाचा शब्द आहे?"

"आमचाच की!" त्या म्हणाल्या.

मग मी मोजायलाच लावलं. विजेची लाईन, ठिबकची लाईन, रेशनची लाईन, गवंड्याची लाईनदोरी. पोरगा कुठल्या लाईनला गेला, ती लाईन. दारू सोडून माणूस लाईनीवर आला, ती लाईन. आणि मग पदर तोंडाला लावून, "ते कॉलेजातली पोरं मारत्यात, ती बी." हसून हसून माझा चष्मा पडला.

रविवारी चर्चहून येताना डोक्यात तेच. भिंगारच्या घरी आजोबांची जाडजूड डिक्शनरी आहे, ती काढली. या एका शब्दाला दीड पान! पण वर मूळ काय लिहिलं होतं? जवस! लॅटिन भाषेत जवसाला जे नाव, त्यातून हा शब्द आलेला. जवसाच्या काडीतून निघणारा धागा म्हणजे लाईन. तो ताणून सरळ रेघ मारली, तीही लाईन, आणि मग रांग, तार, धंदा, सगळं तिथूनच. मी एवढ्यानं ओरडले की आईच्या हातून चहा सांडला.

बाजाराच्या दिवशी बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू काही मीच फसवतेय. "आमचं जवस? चटनीचं? त्याला कुठलं आलंय सूत? काड्या आमी चुलीत घालतो."

"पुस्तकात लिहिलंय, मनकर्णाबाई."

"लिवनाऱ्यानं कधी उपटलंय का जवस?"

मी चिडले. त्याही चिडल्या. पुढच्या बाजाराला आल्याच नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत. तोंडी परीक्षा आठवड्यावर आली, आणि फोन आला तो त्यांच्या मालकांचा, सहादेवभाऊंचा. "बाई, काय शिकवलं तुमी हिला? हरबऱ्याच्या कडंचं उभं जवस उपटून हौदात टाकलंय. वास असा सुटलाय की म्हशी पान्याला तोंड लावंनात!"

स्कूटी काढली आणि त्यांची वस्ती गाठली. लांबूनच नाकाला रुमाल लावावा लागला. मनकर्णाबाई हौदाशी बसलेल्या, कोपरापर्यंत हात हिरवे. "अंबाडी कुजवून दोराला वाख काढतो, तसंच घातलं बगा. बारा दिस झाले. आज कळंल, पुस्तक खरं का मी खरी."

पहिली काडी मोडली, भुगा झाला. दुसरीही. तिसरी त्यांनी हलक्या हातानं ठेचली, साल सोलली, आणि निघाला की! पांढरट, चमकदार, वीतभर लांब वाख! एकाला एक जोडत त्यांनी मांडीवर सूत वळलं. एक टोक माझ्याकडे दिलं. मी ओढलं, त्यांनी ओढलं. "तुटंना की गं हे!" सहादेवभाऊ म्हणाले आणि म्हशींचं गाऱ्हाणं विसरून स्वतःच ओढायला लागले. बाई तर टाळ्या पिटत होत्या.

तोंडी परीक्षेला परीक्षक दुसऱ्या शाळेचे. मला आत जायची सोय नाही, म्हणून व्हरांड्यात खिडकीला चिकटून उभी राहिले. परीक्षकांनी इंग्रजीत सांगितलं, तुमच्या गावाविषयी बोला.

बाई उभ्या. पहिलं वाक्य आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला गाडी अडली. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. संपलं सगळं, आता ही बाई लेखीला काही येत नाही!

तेवढ्यात त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि ते सूत टेबलावर ठेवलं. "सर, धिस इज लाईन. फर्स्ट लाईन. फ्रॉम जवस."

"हू टोल्ड यू?"

"बुक टोल्ड. आय नो बिलीव्ह." त्यांनी सुताचं टोक उचललं. "आय पुट इन वॉटर. ट्वेल्व्ह डेज. बिग स्मेल! हजबंड अँग्री. बफेलो अँग्री. देन थ्रेड कम. देन आय बिलीव्ह."

परीक्षक खुर्चीतून उठलेच. काडी केव्हा उपटली, कशी सोलली, दुसऱ्या कशाचं सूत निघतं का, प्रश्नावर प्रश्न! आणि बाई बोलतायत, हातवारे करतायत, शब्द अडला की मराठी ठोकून पुढे! मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली, पण हसलं कोणी नाही. दहा मिनिटं! माझे डोळे वाहत होते आणि मला ते पुसायचंही सुचलं नाही.

बाहेर आल्या तेव्हा कपाळ घामानं भिजलेलं. "बाई, लई चुकलं का?"

"सगळं चुकलं!" मी म्हणाले आणि भर व्हरांड्यात त्यांना मिठी मारली.

त्यांनी मला बाजूला केलं, पदर खोचला आणि विचारलं, "लेखीचा पेपर कितव्या तारखेला हाय?"