खोली द्या, पासवर्ड घ्या

गल्लीत तिला कात्रीबाई म्हणत. हातात सदा कात्री असायची, आणि जीभही तशीच. ती शिवायची कमी, बेतायची जास्त. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्यांचे शर्ट, एकच हात असलेल्याचा कोट, पायांना पट्टे बांधावे लागणाऱ्या मुलांचे कपडे. हे सगळे बेत, म्हणजे कापड कापायचे नमुने, कॉम्प्युटरवर काढून तिने आपल्या वेबसाइटवर ठेवले होते. कुणीही उतरवून घ्यावेत आणि शिवावेत.

वेबसाइट उभी करून दिली दिराने. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. फाइल्स दूरच्या कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर होत्या, खातं त्याच्या नावावर. "घरात कशाला साठवताय, वहिनी? तिकडे सुखरूप राहतं," म्हणत त्याने तिचा कॉम्प्युटर पुसून मोकळा करून दिला. तिने विश्वास टाकला.

पुढे दिराला दुकानाचा माल ठेवायला तिची कामाची खोली हवीशी झाली. ती साफ नाही म्हणाली. त्याच आठवड्यात वेबसाइट बंद पडली आणि पासवर्ड बदलला.

"खोली द्या, पासवर्ड घ्या," तो जेवता जेवता म्हणाला.

"भावजी, ते माझं काम आहे."

"नाव माझं आहे ना तिथं? मग झालं तर!"

नवरा ताटात मान घालून भुरके मारत होता. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला ठसका लागला.

कंपनीला फोन केला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "खातं ज्यांच्या नावावर आहे, त्यांनीच बोलावं लागेल." कात्रीबाईने फोन आदळला.

खोली तिने सोडली नाही. उलट दाराला कुलूप लावलं. मग बेत नेलेल्या लोकांना एकेक करून गाठायला लागली. एका हाताच्या ड्रायव्हरने कोटाचा बेत लगेच परत धाडला. एका सुनेने सासऱ्याच्या शर्टाचा पाठवला. काहींनी उत्तरच दिलं नाही. परत आलेलं सगळं तिने दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर स्वतःच्या नावाने चढवलं, आणि एक प्रत कपाटात कुलपात ठेवली. लहान मुलांचे बेत मात्र कुणाकडेच निघाले नाहीत.

सासूबाईंनी धाकट्याचे कान उपटले, तेव्हा तो दारात आला. "घ्या तुमचा पासवर्ड. मिटवा एकदाचं."

तिने त्याच्यादेखत खातं उघडलं. आत एकही फाइल नव्हती. खात्याची मुदत संपून गेली होती, त्याने पैसे भरून ती वाढवली नव्हती, आणि कंपनीने सगळं पुसून टाकलं होतं.

दिराचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तिकडे राहतंच..."

"म्हणजे इतके दिवस माझ्या खोलीचा सौदा कशावर करत होतात?"

"वहिनी, चुकलं."

"चुकलं नाही. तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. व्हा बाहेर."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही, आजही बोलत नाही. तो दिसला की तिच्या कपाळावर आठ्या चढतात. नवरा कधी मध्ये पडला, तर त्यालाही ऐकावं लागतं.

मुलांचे बेत ती पहिल्यापासून काढते आहे. जिच्या अंगावर पहिला बेतला होता, ती पोर आता कॉलेजात जाते. तिची जुनी मापं कुणालाच आठवत नाहीत. कात्रीबाई कागद पसरते, पेन्सिल दाबून ओढते, आणि शेजारच्या खोलीतून दिराचा आवाज आला की टोक मोडतं.