अण्णा आणि अब्रूचं कलम

माणसाला त्याच्या स्वतःच्या जिभेपासून वाचवायला निघालेला विमा एजंट अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच, आमचे अण्णा. पंपांचं आणि ठिबकच्या नळ्यांचं माझं दुकान मी शून्यातून उभं केलेलं. हप्त्यासाठी मी इतकी घासाघीस केली की दुसरा एजंट पळाला असता. अण्णा सुपारी कातरत बसून राहिले आणि दुकानाच्या लायबिलिटी पॉलिसीतलं ‘पर्सनल इंज्युरी’चं कलम समजावू लागले. "दुकानात कोणी पडला, हात मोडला, ते वेगळं कलम, शेठ. हे अब्रूचं. तुम्ही कोणाची बदनामी केली, कोणाला विनाकारण कोंडून ठेवलं आणि त्याने दावा लावला, तर कंपनी बघेल."

"म्हणजे शिव्या द्यायला मोकळा?"

"तुम्हाला पॉलिसी विकली हेच चुकलं माझं!"

तेव्हापासून ते दर शनिवारी गल्ल्याशेजारी बसून माझ्या तोंडावर पहारा देत. मी कोणाला चोर म्हटलं की भर गिऱ्हाइकांत विचारत, "पुरावा?" एकदा हरसूलच्या माणसाच्या पिशवीत मला वॉल्व्ह दिसला. मी शटर ओढलं, तर हे अर्ध्या शटरखाली आडवे! "आधी माणूस बाहेर, मग चौकशी!" तो बिचारा म्हणाला, "शेठ, जुना हाय हा. असाच नवा पायजे, म्हणून दाखवाया आणला." अण्णांनी कपडे झटकले आणि त्याला माझ्या पैशाने चहा पाजला.

पुढे समोरच्या दुकानदाराने माझं सटाण्याचं बांधलेलं गिऱ्हाईक फोडलं. मी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, हा जुन्या नळ्या नव्या म्हणून विकतो. त्याने बदनामीची नोटीस धाडली.

"खरं होतं का?" अण्णांनी विचारलं.

"नव्हतं. पण सुरुवात त्याने केली."

"माहीत असून खोटं लिहिलं, तर हे कलम लागू होत नाही."

"मला खरंच वाटलं होतं, असं सांगा ना कंपनीला."

"ते नाही जमणार, शेठ."

इतक्या वर्षांचा घरोबा, आणि माझ्यासाठी एवढं जमेना! पुन्हा दुकानाची पायरी चढू नका, म्हणालो. समोरच्याची माफी मागावी लागली, ती अजून डाचते.

आता नवा एजंट आहे. मी काहीही बोललो की "बरोबर आहे सर" म्हणतो. अडवायला कोणी नसलं की ओरडण्यातही मजा राहत नाही.

परवा विंचूरला एका लग्नात जेवायला बसलो, तर वाढायला अण्णा. नवरी त्यांची पुतणी. जिलबीचं ताट घेऊन माझ्यापुढे थांबले.

"राग गेला का, शेठ?"

"नाही."

"बरं," म्हणाले, दोन जिलब्या वाढल्या आणि पुढे सरकले. पंगत उठली तरी मी बसून राहिलो. वाटलं, अजून एक फेरी मारतील, पुन्हा विचारतील. पण पुढच्या पंगतीला वाढायला दुसरंच कोणी आलं.